दशरथचं रिकामं कडवं

आधीच सांगून टाकतो, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गावात कोणाच्या अंगात आलं की लोक लिंबू घेऊन धावायचे आणि मी थर्मामीटर घेऊन... यावरून काय ते समजा. या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते आणि बहुतेकांवर मी "पित्त झालं असेल" एवढंच म्हणतो. पण परवा तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या बाबतीत असं एकदाही काही झालं नाही?" मी विषय बदलला, आणि तिच्या ते लक्षात आलं. म्हणून हे सांगतो आहे. टाइप ती करते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरीची. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी बाविशीतला, ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका गावी प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून लागलो होतो. गावाला मोठा तलाव, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पलीकडे लगेच जंगल सुरू. करमणूक म्हणजे नाटक. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरायच्या आणि आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं व्हायची. आमच्या गावाचं संगीत मंडळ त्या नाटकांना साथ करायचं. नामदेवभाऊ गायचे, काशिनाथ पायपेटी वाजवायचा, तबला माझ्याकडे आणि क्लॅरिनेट दशरथकडे.

दशरथ ढिवराचा. सकाळी तलावात जाळं टाकायचा, दुपारी मासे विकायचा आणि संध्याकाळी क्लॅरिनेट. चौथीच्या पुढे शिकला नव्हता, पण गाणी करायचा. शब्दही त्याचे, चालही त्याचीच. कागदावर काही लिहायचा नाही. होडीत बसून गुणगुणायचा, आणि पक्कं झालं की आम्हाला येऊन म्हणून दाखवायचा. घरी फक्त म्हातारी आई, भागाबाई. ती ठार बहिरी होती. दहा-बारा वर्षांपूर्वी हिवतापात खूप कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं गेलं, त्यात कान गेले. अर्धवट नाही, पूर्ण. एकदा मागून बैलगाडी आली, गाडीवाला बोंबलतोय, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा गलका, आणि ही रस्त्याच्या मधोमध शांतपणे चाललेली! मीच हाताला धरून ओढलं होतं तिला. खाणाखुणांनी आणि ओठ पाहून थोडंफार समजून घ्यायची.

त्या वर्षी एक नवल घडलं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आमच्याकडची गाणी शोधत फिरत होता. मूल गावच्या मंडईत तो आमचं नाटक ऐकायला येणार असा निरोप आला. आणि नेमका त्याच दिवशी दशरथला ताप भरला. हुडहुडी भरून दात वाजत होते. तो मला म्हणाला, "मास्तर, आज मले जमन असं वाटत नाई गा."

मी त्याला कोयनेलच्या दोन गोळ्या दिल्या. म्हणालो, "आजचा दिवस काढ, दशरथ. असा माणूस पुन्हा येत नाही आपल्याकडे."

त्यानं दिवस काढला. वाजवलंही असं की कंपनीचा माणूस उठून स्टेजजवळ आला. चार गाणी त्यानं तिथल्या तिथे पसंत केली, चारही दशरथची. नागपूरला रेकॉर्डिंग होऊन दोन तबकड्या निघणार होत्या! चौथं गाणं रोवण्याचं होतं. धान रोवणाऱ्या बाया पाण्यात वाकून एकेक पाऊल मागं मागं सरकतात ना, त्याचं. ते अजून पुरं झालं नव्हतं, शेवटचं कडवं बाकी होतं. नामदेवभाऊंनी विचारलं तर हसला. "नागपूरले मशीनसमोर सांगतो ना भाऊ. आत्ता नाई."

पाचव्या दिवशी दशरथ गेला. ताप मेंदूत चढला होता.

भागाबाईनं मला अंगणात येऊ दिलं नाही. मोठ्यानं बोलायची ती, बहिऱ्या माणसांचा आवाज असतो तसा. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "मास्तर, तुनं माह्या पोराले तापात उभा केला. तुले काऊन घाई होती रे?"

मी अंगणाबाहेरूनच परत फिरलो.

नागपूरला जायचं की नाही यावर आठ दिवस खल झाला. शेवटी नामदेवभाऊ म्हणाले, "गानी त्याची हायेत. तो नाई म्हनून ती बी नाई म्हनता का?" ठरलं, दशरथच्या नावानं चारही करायची. तीन गाण्यांचा प्रश्न नव्हता. चौथ्याचं शेवटचं कडवं मी लिहून पाहिलं. व्याकरण बरोबर, मात्रा बरोबर, आणि ऐकायला अगदी मेलेलं. नामदेवभाऊंनी दोनदा म्हटलं आणि कागद मला परत दिला. "मास्तर, हे तुमचं हाये. याच्यात पानी नाई." मग त्यांनीच सुचवलं की त्या कडव्याची जागा रिकामी सोडू. पेटी आणि तबला चालू राहील, पण गाणार कोणी नाही. चार ओळींची सोळा आवर्तनं... आणि मग पुन्हा धृपद.

नागभीडहून छोट्या लाइनच्या गाडीनं नागपूरला गेलो. एका हॉलला गोधड्या टांगून त्यांनी मशीन मांडली होती. तीन गाणी झाली. चौथ्याला रिकामी जागा आली तसा मशीनवाला हात हलवू लागला. "अरे भाई, गाना कहाँ गया? भूल गये क्या?" नामदेवभाऊंनी हात जोडून सांगितलं, "साहब, यहाँ हमारा एक आदमी बैठा है. बैठने दो." तो माणूस बघत राहिला, मग पुन्हा मशीन सुरू केली. गाणं संपल्यावर नामदेवभाऊंनी पूर्वीच्या रेकॉर्डवर गाणारे शेवटी आपलं नाव सांगायचे, तसं मोठ्यानं नाव घेतलं... "दशरथ, तलावावाला!" ते तसंच राहिलं आहे तबकडीवर.

एवढं नीट लक्षात ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी त्या जागेत काहीही नव्हतं. मी स्वतः आवर्तनं मोजत होतो.

तबकड्या पोस्टानं आल्या तेव्हा रोवणे जोरात चालले होते. गावात चावीचा ग्रामोफोन फक्त जुन्या मालगुजारांकडे, म्हणजे गावच्या जमीनदारांकडे होता. तो मारुतीच्या पारावर आणला. बाया बांधीवर निघायच्या आधी, सकाळी आठच्या सुमाराला सगळं गाव जमलं. नामदेवभाऊ जाऊन भागाबाईला घेऊन आले. तिला ऐकू येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण तिच्या पोराची गाणी वाजणार आणि ती घरी बसणार, हे बरं दिसलं नसतं. तिला पुढेच बसवलं, कर्ण्यासमोर. मी होता होईल तेवढा मागे उभा होतो.

तीन गाणी झाली. लोक रडत होते, हसत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. भागाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आपली बसून होती.

चौथं गाणं लागलं. दोन कडवी झाली, धृपद झालं, आणि ती रिकामी जागा आली. नुसती पेटी अन् तबला. आणि भागाबाईनं मान वर केली. कर्ण्याकडे वाकली आणि चिडून म्हणाली, "जरा जोरात म्हन ना रे. पुटपुटते काऊन?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती कोणाकडे बघत नव्हती. ओठ हलवत होती, कोणाच्या मागून म्हणावं तसे. मग तिचा आवाज फुटला...

"शेवटची पेंडी माह्या हातातच राह्यली,
घरी जा वं बाई, सांज होऊन राह्यली,
माह्यी वाट नोका पाहू, दार घ्या लावून,
मी येतो धानासंगं हिरवा होऊन."

शेवटचा शब्द संपला आणि त्याच क्षणी तबकडीवर धृपद सुरू झालं. मी तबलजी आहे, म्हणून ही गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. प्रत्येक ओळ समेवर पडली होती. बारा वर्षं आवाज न ऐकलेली बाई, आणि एका मात्रेचीही चूक नाही.

काशिनाथनं माझा दंड धरला होता, त्याचे वळ दुपारपर्यंत राहिले. त्या दिवशी बाया बांधीत उशिरा उतरल्या.

मला मात्र झोप येईना. विज्ञानाचा मास्तर ना मी! मनाशी म्हटलं, कर्ण्याची थरथर तिला जाणवली असेल. ताल त्यातून कळला असेल. पण शब्द? दशरथनं तिला कधी सांगितले असतील म्हणावं, तर गाणं त्याच वर्षीचं, आणि तिचे कान जाऊन बारा वर्षं झालेली; ओठ पाहून तिला कामापुरतं कळायचं, अख्खं कडवं नाही. वाचता तिला येत नव्हतं. जुनंच रोवण्याचं गाणं असेल म्हणून मी आजूबाजूच्या गावांत म्हाताऱ्या बायांना विचारत फिरलो. कोणीही ते ऐकलेलं नव्हतं.

शेवटी चार-पाच दिवसांनी, शाळेला सुट्टी होती, भर दुपारी मी ग्रामोफोन घेऊन तिच्या घरी गेलो. मनात दुसरंही होतं, खोटं कशाला बोलू... दशरथ गेल्यापासून तिच्या दारात पाऊल टाकायला मला निमित्त हवं होतं. तिनं दार उघडलं, यंत्राकडे पाहिलं आणि आत ये अशी मान हलवली.

थरथर तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून यंत्राखाली मी घडी केलेलं घोंगडं घातलं. तिला खाटेवर बसवलं, यंत्राकडे पाठ करून, पाय वर घ्यायला लावून. मग आधीची गाणी उलटसुलट क्रमानं लावली. काही नाही. ती भिंतीवरच्या जाळ्याकडे बघत बसली होती. मी न सांगता तबकडी बदलली. रोवण्याचं गाणं अर्धं झालं, रिकामी जागा आली, आणि पाठमोरीच ती म्हणू लागली. तेच शब्द, तसेच समेवर. मी सुई उचलली आणि त्याच जागेच्या जरा आधी पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टेकवताना सुई घसरली आणि तबकडीवर चरा पडला.

तिनं वळून पाहिलं. "तुले आयकू येत नाई, मास्तर?"

मी मान हलवली. नाही.

"काईच नाई?"

नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणतो का तो, बाई?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं. "तुले आयकूच येत नाई," ती म्हणाली, "मंग तुह्यासाठी नसन."

मग उठली. उभं राहायला त्रास व्हायचा तिला, खाटेचा खूर धरून उठली. "हरबार मले घरी जा म्हनते. दार लाव म्हनते. किती डाव म्हनायले लावू त्याले? आता नोको लावू हे. मी जातो आत. तू बी जा, मास्तर."

मी यंत्र उचलून बाहेर आलो. मागे दाराची कडी लागली. लख्ख दुपार होती, आणि त्या गल्लीत तेवढं एकच दार बंद.

त्यानंतर तिनं ती तबकडी कधी लावू दिली नाही. दोन वर्षांनी तीही गेली. मंडळानं ते गाणं पुढे पुष्कळ मंडयांत केलं, पण शब्द कळल्यावरही नामदेवभाऊ ते कडवं कधीच गायले नाहीत. लोक आग्रह करायचे तर म्हणायचे, "ज्याचं हाये तो म्हनते. मी मंधात काऊन बोलू?"

पुढे नागपूरला एका कानाच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, बहिऱ्या माणसाला कधी कधी डोक्यातल्या डोक्यात गाणी ऐकू येतात, तसं असेल. असेलही. पण यंत्राकडे पाठ असताना, बरोबर त्याच जागी, बरोबर तेवढाच वेळ? यावर ते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. अलीकडे नातजावयानं तबकडी कम्प्युटरवर घेतली. पडद्यावरच्या रेघा मोठ्या करकरून मला दाखवल्या. मी पाडलेला चरा दिसला, पेटी दिसली, तबला दिसला... बाकी काही नाही.

माझ्याजवळ याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाजवळ असेल असंही वाटत नाही. घरचे सगळे बाहेर गेले की मी अजून ते गाणं लावतो, वर्षातून दोन-तीनदा. तिनं नको म्हटलं होतं, तरी लावतो. माझाच तबला ऐकत बसतो. त्या जागी मला कधीही, एकदाही, काही ऐकू आलेलं नाही. पण भागाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.