पेसमेकरवाली

सुलू सिस्टर तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. भाईंदरच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात बायका तिच्या ओरडण्याला टरकायच्या आणि घरी जाताना तिच्याच गळ्यात पडायच्या. पेशंटला नावाने हाक मारायची तिथे कुणाला सवय नव्हती. शुगरवाली, बीपीवाली, जुळ्यांवाली. सुलूही अशाच हाका मारी.

रुचिता आली ती दिवस भरत आल्यावर. राई गावची तिची सासू गोदूबाई प्रत्येक उत्तर स्वतःच देई. “आपरेशन? काय न्हाय झालेलं. पोरगी टणटणीत हाय.” सुलूने तिला बाहेर बसवलं. तपासताना रुचिताच्या गळ्याच्या हाडाखाली व्रण दिसला आणि त्याखाली हाताला चपटी डबी लागली. पेसमेकर.

“सिस्टर, पाया पडते, घरी सांगू नका,” रुचिता रडायला लागली. “लग्न जमत नव्हतं म्हणून आईने लपवलं. मिस्टरांना पण लहानपणी पडले, हाड वाढलंय, असंच सांगितलंय.”

बाळ आडवं होतं, सिझर करावंच लागणार होतं. सिझर करताना रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात. त्याने पेसमेकर गडबडला तर पोरगी टेबलावरच जायची.

“डॉक्टरांना सांगावंच लागेल,” ती म्हणाली, “पण तुझ्या घरच्यांच्या कानावर जाणार नाही. शब्द देते.”

तिने डॉक्टरांना एकटं गाठलं. हृदयाच्या डॉक्टरांना बोलावून पेसमेकर तपासून घेतला. सिझर होईपर्यंत ती रुचिताची नाडी धरून उभी होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

संध्याकाळी ड्युटी बदलताना दमलेल्या सुलूने दारातूनच नव्या सिस्टरला ओरडून सांगितलं, “स्नेहल, पेसमेकरवालीची नाडी आधी बघ गं!” आणि स्नेहल सरळ रुचिताच्या खाटेकडे गेली.

नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या गोदूबाईने मान वर केली. “म्हंजे काय गो?”

शेजारच्या खाटेवरची हंसाबेन मदतीला धावली. “दिल की मशीन, मासी. मेरे ससुर को भी है ना.”



घरी सोडायच्या दिवशी नवरा आलाच नाही. गोदूबाई एकटीच आली. “आमाला फसवलं. पोर आमची हाय, तिला नेतो. हिला आईकडं धाडा.” बाळ सिस्टरने आजीच्या हातात द्यायचं, ही तिथली रीत. सुलूने ते रुचिताच्या कुशीत दिलं. “अंगावर पिणारं लेकरू आहे, आईबरोबरच जाईल.” गोदूबाई पाय आपटत निघून गेली.

रिक्षापाशी सुलूने आधाराला हात पुढे केला. “चुकलं गं माझं.”

रुचिताने तो हात घेतला नाही. मुलीला छातीशी धरून तिने रिक्षाचा दांडा पकडला आणि ओले टाके ओढले गेले तरी एकटीच चढून बसली.