ओरिजिनल घरी आहे

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना म्हणजे एका राष्ट्रानं दुसऱ्या राष्ट्राला आपल्या नागरिकाविषयी दिलेली ग्वाही. हा माणूस आमचा आहे, ब्रेक कुठं असतो ते त्याला माहीत आहे, निर्धास्तपणे गाडी द्या. ही ग्वाही एका पातळ पुस्तिकेत पाच-सहा भाषांत छापलेली असते. वडिलांच्या पुस्तिकेवरच्या फोटोत ते नुकतीच अटक झाल्यासारखे दिसत होते.

वडिलांनी न्यूझीलंड निवडलं, कारण तिथं गाड्या डाव्या बाजूनं चालतात. आपल्याकडंही डाव्या बाजूनंच चालतात, असं म्हणण्याची पद्धत आहे. जाणार होतो तिघं: आई, वडील आणि मी, त्यांची मुलगी. गाडी भाड्यानं घ्यायची, वडील चालवणार, आई पुढं त्यांच्या शेजारी बसणार. त्यातलं हे शेवटचं कलम त्यांच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं होतं.

त्याचं कारण संभाजीनगरात राहण्यात आहे. ज्याच्या गावाजवळ लेणी, त्याच्या घरी पाहुणे. वडिलांनी जन्मभर लोकांना वेरूळला नेलं, अजिंठ्याला नेलं. गाडी गच्च भरायची, पुढच्या सीटवर पाहुण्यांतला सगळ्यांत जाड माणूस बसायचा, आणि त्या वेळी आई घरी त्यांच्यासाठी पुरण वाटत असायची. कैलास लेणं तिनं पाहिलं होतं, पण लग्नानंतर लगेच, एसटीनं. आपल्या गाडीत आपली बायको जवळपास बसलीच नाही, हे वडिलांच्या निवृत्तीनंतर लक्षात आलं आणि त्यांना ते फार लागलं.

"एकदा फक्त तिला घेऊन जायचंय," ते मला म्हणाले. "मागं कुणी नाय."

मागं मी असणार होते, पण मला ते धरत नव्हते.

हा परवाना, म्हणजे परमिट, लागतो की नाही यावर एकमत नव्हतं. इंटरनेटवर निम्मे लोक त्यावाचून गाडीला हातही लावू देत नाहीत म्हणत होते, निम्मे कुणी विचारत नाही म्हणत होते, आणि आमचा ट्रॅव्हल एजंट दोन्ही म्हणत होता. वडिलांनी निकाल दिला की कागद असलेला बरा. मग आरटीओत जाऊन ते परमिट काढून आले. आईनं ते देवापुढं ठेवून कुंकू वाहिलं, शेजारी पेढे गेले. शेजारच्या काकांनी पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली आणि आपल्या जालना रोडवर चालतं का हे, एवढंच विचारलं.

आमच्या घरात कागदपत्रांचा एक धर्म आहे: ओरिजिनल घराबाहेर न्यायचं नाही. जन्मदाखला, मार्कशीट, खरेदीखत, सगळं लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात. जगात हिंडते ती झेरॉक्स. या धर्मावर वडिलांनी पूर्ण नोकरी केली आणि एकही कागद हरवला नाही. माझं लायसन्स पर्समध्ये उघडंवाघडं फिरतं, यावर मला वर्षानुवर्षं बोलणी बसत आली.

न्यूझीलंडच्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर एक हसरी मुलगी होती. वडिलांनी परमिट दोन्ही हातांनी पुढं केलं. तिनं ते न उघडता बाजूला सरकवलं. तुमच्याकडची लायसन्सं इंग्रजीतच असतात, त्यामुळं याची गरज नाही, नुसतं लायसन्स द्या, म्हणाली. वडिलांनी लायसन्सची रंगीत, लॅमिनेट केलेली झेरॉक्स दिली. मुलीनं ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

ओरिजिनल कुठंय, तिनं विचारलं. ते घरी आहे, कुलपात आहे, अगदी सुरक्षित आहे, असं वडिलांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. त्या सुरक्षिततेचं तिला काहीच कौतुक वाटलं नाही. मी परमिटकडं बोट दाखवलं. ते तर नुसतं लायसन्सचं भाषांतर, ती म्हणाली. मूळ जवळ नसेल तर भाषांतराचा उपयोग नाही. फोनमधला फोटोही तिनं नाकारला. हसतच होती.

वडिलांनी झेरॉक्स पाकिटात परत ठेवली. मग माझ्याकडं वळले.

"तुझं कुठंय?"

"पर्समध्ये."

"दे मग."

गाडी माझ्या नावावर झाली. ड्रायव्हरशेजारी कुणीतरी असावं म्हणून आई पुढं बसायला निघाली, तर वडिलांनी तिच्यासाठी मागचं दार उघडलं आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःही मागं जाऊन बसले. पुढची सीट आईच्या शालीला आणि चिवड्याच्या पिशवीला मिळाली.

डोंगर सुरू झाले. प्रत्येक वळणाला वडील मागं बसून पायानं ब्रेक दाबत होते, ते मला सीटच्या पाठीतून कळत होतं. आरशात त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. शेवटी तेच आईला म्हणाले, "तुला पुढं बसवून न्यायचं होतं गं."

"अहो, बरं झालं," आई म्हणाली. "तुम्ही चालवायला लागलात की मला लई भीती वाटते. डोळा मिटायची सोय नाय."

"आजवर बोलली नाहीस."

"आजवर बसवलं कधी?"

वडील यावर हसले, विमानतळापासून पहिल्यांदाच. आईनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला लगेच झोप लागली. पुढं ज्या तळ्यासाठी एवढा प्रवास केला होता ते आलं, मी गाडी हळू केली, तर वडिलांनी आरशातून मला बोट ओठावर ठेवून दाखवलं.

तळं आईनं परतीच्या वाटेवरही पाहिलं नाही. तेव्हाही ती झोपलेली होती.