हलक्या हाताची योम सुनरान

योम सुनरान एकोणतीस वर्षं आकडे लिहीत होती. प्राध्यापक ब्योन रोग्याच्या हिरडीत बारीक सळई घालून ती किती मिलिमीटर खोल जाते ते मोठ्यानं सांगायचे, "तीन, दोन, तीन." एका दाताचे सहा आकडे. सुनरान ते मुकाट्यानं कागदावर उतरवायची.

मग दवाखान्यात हिरडीच्या सोनोग्राफीचं यंत्र आलं. पेनाएवढा दांडा, थोडी जेल, हिरडीला बाहेरून नुसता टेकवायचा. टोचणं नाही, रक्त नाही. हिरडी दातापासून कुठवर सुटलीय आणि हाड किती झिजलंय, सगळं स्क्रीनवर. यंत्राचं माप सळईशी जुळतं का, याचा अभ्यास ठरला: साठ रोगी, सरांनी सळईनं मोजायचं, सुनराननं यंत्रानं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. कळू द्यायचा नाही म्हणे! मध्ये एक कापडी पडदा, आणि सरांचा आवाज पार जिन्यापर्यंत जाणारा. आकडे जुळले नाहीत की सर म्हणायचे, "योम मॅडम, परत मोजा." परत मोजायचं ते नेहमी तिनंच. चार-पाच वेळा असं झाल्यावर ती शहाणी झाली. नको तिथं शहाणी झाली.

त्या साठांतली बुनीमावशी बंदरावर माकुलं, म्हणजे स्क्विड मासे, सुकवून विकायची. माल नीट सुकलाय का, हे ती पुढच्या दातांनी चावून ठरवायची आणि सगळं बंदर ते मानायचं. तिच्या त्याच दातांपाशी सरांची सळई जुन्या किटणावर अडली. "तीन," पडद्यापलीकडून आवाज आला.

सुनरानच्या स्क्रीनवर सहा होते. तिनं दांडा पुसून पुन्हा टेकवला. सहाच. तिनं स्क्रीनवरची मापाची खूण वर सरकवली आणि तीन लिहिले.

"कसं आहे गं पोरी?"

"छान आहे, मावशी."

दीड वर्षानं मावशी आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात हलत होते. काढावेच लागले. सुनराननं जुनं चित्र शोधून सरांपुढे ठेवलं. "सर, इथं सहा होते. तेव्हाच उपचार केले असते तर वाचले असते."

सर सोल शहरातल्या परिषदेचं भाषण वाचत होते; दोन्ही मापं कशी तंतोतंत जुळली, त्यावरचं. त्यांनी चित्राकडे पाहिलं. "खूण तर तुमच्याच हातची आहे, योम मॅडम."

तिला संताप आला, पण ते खरंच होतं.

बाहेर बाकावर मावशी तोंडात कापूस धरून बसली होती. "वय झालं गं, दुसरं काय. तुझा हात हलका, कधी दुखू दिलं नाहीस." तिनं पिशवीतून एक माकुल काढलं. "आता मला काही कळायचं नाही. तूच चावून सांग."

सुनराननं चावलं. वरून कडक होतं, आत दमट.

"ओलं आहे, मावशी."

"बघ," मावशी कौतुकानं म्हणाली, "कळतं की तुला."