सावलीत वाळवायची साल

"दुसऱ्या खेपेच्या अर्कात काहीच नाही." साहेबांनी मुंबईचा रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला. "साल त्याच झाडाची होती ना?"

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. लोणावळ्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी केमिस्ट होतो. मेंदूच्या कॅन्सरवरचं औषध जास्त दिलं की रक्त बिघडतं, कमी दिलं की गाठ वाढते. मावळातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क जोडीला दिला, तर मुंबईच्या एका संस्थेतल्या चाचण्यांत उंदरांमध्ये कमी औषधातही गाठ आटोक्यात राहत होती. झाडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी काढा करून प्यायला नको.

साल आणायच्या लोहगडवाडीजवळच्या वस्तीवरच्या ठकूमावशी. झाडपाल्याच्या जाणकार. प्रत्येक जुडीला त्याच झाडाचं पान बांधायच्या. "साल मुकी असती, सायेब. पानावरनं झाड वळखायचं." आणि बजावायच्या, "सावलीतच वाळवा. जाळ दाखवू नगा."

दुसरी खेप श्रावणात आली. साल वाळेना, बुरशी धरू लागली. शनिवारी मुंबईचा माणूस नमुना न्यायला येणार होता. मी साल ओव्हनमध्ये घातली आणि रजिस्टरात लिहिलं: सावलीत वाळवली.

"मावशींनी दुसरंच झाड दिलं असेल," मी साहेबांना म्हणालो.

"पानं होती?"

"या वेळी नव्हती."

पानं मीच केरात टाकली होती.

साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"दुसऱ्या झाडाची साल दिलीत का?"

"आवो, ह्या डोंगरात जल्म गेला माजा. मला झाड कळंना व्हय?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा की, सायेब. पानं बांधलीती का न्हाई? तुमीच हसलाता, मावशी लय नटवती जुडीला म्हून."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टर उघडलं.

"नोंद नाही."

मावशींनी पदर खोचला. "मंग ऱ्हाऊ द्या. कागुद खरा, मी खोटी." आणि निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी गुणकारी ठरलेल्या पहिल्या खेपेतली उरलेली साल गुपचूप ओव्हनमध्ये तापवून तपासली. तीही निकामी निघाली. तेव्हाही मी गप्प बसलो.

मावशींचं काम बंद झालं. बाईनं सायबाला फसवलं, असं वस्तीत झालं, आणि लोक त्यांच्याकडून औषध घेईनासे झाले. नमुन्यांवर भरवसा नाही म्हणून मुंबईनं चाचण्या थांबवल्या. त्या अर्कानं माणसांना गुण आला असता का, मला माहीत नाही. उंदीर आणि माणूस यांत पुष्कळ अंतर असतं. पण मावशींची साल खरी होती, हे मला माहीत आहे.

केमिस्टनं आधी स्वतःच्या ओव्हनचं तापमान लिहावं. दुसऱ्याच्या झाडाची चौकशी त्यानंतर.