ती गाईपर्यंत

आमच्या चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये चिनी आणि पाश्चात्त्य ऑपेराचा एकत्र प्रयोग करायचं ठरलं, तेव्हा पियानो वाजवायला मला धरून नेलं. मिस्साला ऑर्गन वाजवते म्हणजे काहीही वाजवेल, असा टोरांटोच्या या एटोबिको भागात माझा लौकिक आहे. पोस्टरवर छापलं होतं, 'दोन संस्कृतींची भेट'. असली पोस्टरं पाहिली की माझं डोकं आधीच फिरतं. भेट कुणाच्या सोयीनं होणार, ते त्यावर कधीच लिहिलेलं नसतं.

गोष्ट होती रेल्वेचे रूळ टाकायला कॅनडात आलेल्या मुलाची आणि गावी त्याची वाट पाहणाऱ्या आईची. आईचं काम करणारी बाई सत्तरीच्या पुढची, हाँगकाँगच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेली. तिचा नवरा लाकडी ठोकळ्यांवर ताल धरायचा. चिनी ऑपेरात सगळे वादक या तालवाल्याच्या मागून जातात आणि तालवाला नटीच्या हाताकडे बघतो. तिनं लांब पांढरी बाही झटकली की गाणं येणार, आणि ते येईपर्यंत तो टकटक चालू ठेवणार. आमच्या व्हायोलिनवाल्यांचं तसं नाही. कंडक्टरची काठी खाली आली की सुरू व्हायचं, मग नटी तयार असो वा नसो.

एका रविवारी तालमीत तिनं बाही झटकली आणि ओळ आलीच नाही. नवरा तिच्यावरची नजर न हलवता टकटक करत राहिला. मला वाटलं, काय सुंदर थांबते ही बाई! व्हायोलिनं पुढे निघून गेली, तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, ती ओळ शोधतेय.

कॉफीच्या वेळी तो हळूच माझ्यापाशी आला. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ती विसरायला लागलीय. आमच्या मंडळात कुणाला कळलं नाही, मी थांबतो ना. घरी कधी कधी ती मला ओळखत नाही. बाही हातात आली की ओळखते."

मी तडक कंडक्टरकडे गेले. म्हटलं, "तिथं सूर धरून ठेवू या की, ती गाईपर्यंत!" सज्जन पोरगा होता. त्यानं खरंच करून पाहिलं. पण व्हायोलिनवाल्यांचे गज संपायचे आणि दर तालमीला तिचं थांबणं लांबत चाललं. शेवटी त्यानं तिच्या जागी एक तरुण गायिका आणली. मी त्याला तोंडाला येईल ते सुनावलं.

घरी माझा नवरा म्हणाला, "अगं, त्याला शो कॅन्सल करता येतो का? तू कशाला इतकी अपसेट होतेस?"

"तू विसरलास तर मी थांबेन का रे?" असं मी विचारलं. मला भीती वाटत होती, ती ही होती.

प्रयोगाच्या दुपारी हॉल भरला. ती जुनी नटी पहिल्या रांगेत बसली होती, जाड विंटर कोट न काढता. तरुण गायिकेनं बाही झटकली, काठी खाली आली आणि तिचा आवाज नेमका वेळेवर लागला. लोक खूश झाले. टकटक मात्र थांबली नाही.

मी मान वळवली. पहिल्या रांगेत कोटाची बाही वर उठली होती आणि तिचा नवरा तिकडेच बघत होता. तिचे ओठ उघडे होते. कंडक्टरनं डाव्या हातानं त्याला थांबायची खूण केली, ती त्याला दिसलीच नाही. मला पट्ट्यांवरचे हात उचलून घ्यावेसे वाटले. सगळं थांबावं, तिला ओळ आठवेपर्यंत. पण काठी हलत होती आणि मी वाजवत राहिले. कोटाची बाही हळूहळू खाली आली, तेव्हा टकटक बंद झाली.

मध्यंतर होताच तो धावत तिच्याजवळ गेला. तिनं नम्रपणे हसून, परक्या माणसाला विचारावं तसं, त्याला इंग्रजीत वॉशरूम कुठे आहे ते विचारलं.