थोरल्या वस्तादाशी शेवटची लढत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानातल्या माणसांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्याशी बोलतोय. पण बोलायला बसलो की आधी राग येतो. तो गिळून पुढं जाता येत नाही, म्हणून आधी राग ऐका.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं जुन्या दुचाकींच्या खरेदी-विक्रीचं दुकान आहे. कोडोलीहून आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, सगळं मी एकट्यानं उभं केलं. आता चाळिशी उलटली, आणि या वयात मी फोनवर गेम खेळतो. हसायचं तर हसून घ्या. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी विचित्र प्राणी पकडतो, पाळतो आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवतो. जिंकलं की आपला प्राणी ताकदवान होतो, नवा डाव शिकतो. असे गेम मुळात मोठ्या कंपन्या काढतात. पण हौशी लोक तेच गेम उघडून आतलं सगळं बदलतात — प्राणी नवे, गावं नवी, प्रतिस्पर्धी नवे — आणि फुकट वाटतात. मला वेड आहे ते या हौशी गेमांचं.

आणि याच लोकांनी माझं डोकं फिरवलंय! निम्मा गेम इतका सोपा, की डोळे मिटून बटण दाबा, जिंकाल. मग एकदम भिंत. समोरच्याचा प्राणी तुमच्या दुप्पट ताकदीचा, तुमचा प्रत्येक डाव त्याला आधीच माहीत, आणि तुमच्या पिशवीतली औषधं वापरायला बंदी. का? तर म्हणे ‘आव्हान’. अरे, हे आव्हान आहे की खुन्नस? वाटेत ताकद वाढवायला जागा ठेवलीय का? नाही. त्याच गवतात फिरून तीच किरकोळ जनावरं मारत बसा. मी गिऱ्हाइकाला गाडी देतो, ती चढावर बंद पडते हे मला माहीत असेल, आणि वर मीच म्हणालो की तुम्हाला चालवता येत नाही — तर तो मला सोडेल का? फुकट दिलं म्हणजे माणसाचा जीव काढायचा परवाना मिळाला का?

कारण सांगतो. गेम करणाऱ्याला सगळं आतून माहीत असतं. कुठला प्राणी आधी बाहेर येणार, त्याचं दुखरं अंग कुठलं — सगळं. तो स्वतः खेळतो, जिंकतो आणि खूश होतो. त्याला कळायचं कसं, की परक्या माणसाचं इथं काय होणार? त्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी गेम आधी खेळवून घ्यायला नको का? आणि त्या दुसऱ्यानं — खरं सांगायला नको का?

इथं माझी जीभ अडखळते. कारण इरफाननं हे केलं होतं.

इरफानचं माझ्या दुकानासमोर फ्लेक्सचं दुकान आहे. गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाचा फलक त्याच्याकडं होतो — गॉगल, सोन्याची चेन, मागं वाघ. दिवसभर लोकांची तोंडं गोरी करायची आणि उरलेल्या वेळात गेम, असं त्यानं कित्येक वर्षं केलं. त्याचा गेम आपल्या कोल्हापूरचा होता. उसाच्या फडात राहणारं काटेरी डुक्कर, कळंब्याच्या तलावातला गाळ खाणारा मासा, लवंगी मिरचीसारखा लाल आणि तसाच तापट एक प्राणी — त्याचं नाव लवंग्या. परक्या गेमांतल्या आखाड्यांच्या जागी यानं तालमी ठेवल्या होत्या. प्रत्येक तालमीत एक वस्ताद, आणि शेवटी थोरला वस्ताद. त्याच्याकडं तांबड्या मातीचा बैल. बैल पडला की आखाड्यातली माती अंगाला फासून पुन्हा उभा, पुन्हा ताजा.

काय सुंदर केलं होतं त्यानं! हे मी तेव्हा त्याला नीट सांगितलंही नाही.

पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं. लोकांनी शेवटापर्यंत खेळलेला एखादा गेम घेऊन ये, मग बोलू, एवढंच ते म्हणाले होते. त्यासाठी त्याचा जीव टांगणीला होता. म्हणून गेम बाहेर सोडण्याआधी तो माझ्याकडं आला. “विलासदादा, माझी नजर मेलीय आता. तुम्ही खेळा. जिथं अडाल तिथं सांगा. तोंडदेखलं बोलू नका, शिव्या घाला.”

मी खेळलो. तालमीमागून तालमी मारल्या. मग थोरला वस्ताद आला आणि मी हरलो. पुन्हा हरलो. डाव बदलून, प्राणी बदलून, चिडून, थंड डोक्यानं — सगळ्या तऱ्हेनं हरलो. एकदा फोन गादीवर आपटला. तो बैल मला कधीच पाडता आला नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलतोय.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला पाहिजे. शहरात आल्यावर सुरुवातीला मी जनावरांच्या बाजारात एका दलालाच्या हाताखाली होतो. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. बोट दाबलं आणि काळजात चर्र झालं, तरी चेहऱ्यावरची माशी हलता कामा नये. मी ते इतकं पक्कं शिकलो, की पुढं टॉवेल सुटला तरी तो चेहरा सुटला नाही. मला काही जड गेलं हे मी कुणाला दिसू देत नाही. हे मी फुशारकीनं सांगत आलो.

त्या बैलाशी मी हरत होतो, त्याच दिवसांत एका दुपारी एका गाडीवरून गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली होती. मी तोच चेहरा लावून बसलो होतो. इरफान रस्ता ओलांडून आला, दारातनंच म्हणाला, “काय दादा, पडला का न्हाई वस्ताद?”

“पडला की. कवाच.”

“लई अवघड गेलं?”

“अवघड? पाणी हाय पाणी! जरा दम भर त्याच्यात, न्हाईतर लोकं हसतील तुला.”

गिऱ्हाईक बघत होतं. त्या गिऱ्हाइकाला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग मी कुणासमोर मोठा होत होतो? सांगा ना, कुणासमोर?

तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण इरफाननं शेवट कसा वाटला ते विचारलं. मी शेवट बघितलाच नव्हता. मग मी फोनवर चोरवाट लावली. असे गेम फसवायचे संकेत मिळतात. ते घातले की आपल्या प्राण्याची ताकद संपतच नाही. तसा जिंकलो आणि विजयाचं चित्र त्याला पाठवलं. त्यानं लगेच उलट लिहिलं, ‘दादा, तुम्ही एवढ्या सहज जिंकला म्हणजे बैल खरंच लेचापेचा आहे.’ आणि त्यानं बैलाची ताकद वाढवली. माझ्या शब्दावर.

गेम बाहेर आला. सुरुवातीला नुसतं कौतुक. मग एकेक जण थोरल्या वस्तादापाशी पोचला आणि आदळला. खेळणाऱ्यांचा फोनवर ग्रुप होता, तिथं शिव्या सुरू झाल्या. आणि त्या ग्रुपवर खोट्या नावानं मीही होतो. मला खरंच राग आला होता हो! माझ्यासाठीही तो बैल आता आणखी मोठा झाला होता. मी लिहिलं, ‘करणाऱ्याला स्वतःला तरी जिंकता येतं का? का फ्लेक्सवर वाघ चिकटवतो तसा इथं बैल चिकटवलाय?’ लोक हसून लोळले. तेच वाक्य जो तो पुढं पाठवत राहिला. फ्लेक्सचं नाव घेतलं म्हणजे ओळखीचाच कुणीतरी आहे, हे इरफानला कळलं असणार. कोण, ते त्यानं विचारलं नाही.

तो माझ्याकडं आला तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं. म्हणजे बघा, मला गिऱ्हाइकाची सबबही नव्हती. तो उभाच राहिला. म्हणाला, “दादा, एकच सांगा. तुम्ही खरंच जिंकला हुता न्हवं? न्हाई म्हणा, मी आत्ता जाऊन आकडे कमी करतो. चहा गार व्हायच्या आत हुतंय काम. मला राग न्हाई यायचा.”

किती सोपं करून दिलं होतं त्यानं. नाही — एवढा एक शब्द.

मी म्हणालो, “व्हय की रे. जिंकलो की. ह्या लोकांना खेळायची अक्कल न्हाई, तू कशाला वाकतोस?”

तो माझ्याकडं बघून हसला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. जाऊन त्यानं ग्रुपवर लिहिलं, की गेम बरोबर आहे, माझ्या माहितीतल्या एका माणसानं तो जिंकलाय, नीट खेळा. मग जे व्हायचं ते झालं. लोक म्हणाले, दाखव तो माणूस. त्यानं माझं नाव सांगितलं नाही. मला विचारल्याशिवाय नाव कसं घ्यायचं, असं त्याला वाटलं. मी ते सगळं फोनवर वाचत होतो. वाचून फोन खिशात घालत होतो. शेवटी लोकांनी त्याला इतकं पिडलं, की त्यानं गेम काढून टाकला. पुण्याला गेला नाही. “कुणी शेवटाला पोचलंच न्हाई, दाखवू काय?” म्हणाला. “मला अंदाजच न्हाई दादा, कुणाला काय जड जातंय ह्याचा.”

अंदाज त्याला होता. त्याला आलेलं उत्तर खोटं होतं.

त्यानंतर त्यानं गेमला हात लावला नाही. वर्षं गेली. अजूनही असा एखादा बेताल गेम हातात आला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते, करणाऱ्याला मी मनात आईबहिणीवरून शिव्या घालतो. कुणाला घालतो मी त्या?

परवा त्याच्या दुकानात गेलो होतो. त्याचा मेहुणा आला होता. इरफान त्याला म्हणाला, “हे विलासदादा. माझा गेम पुरा केलेला एकच माणूस.” मेहुणाही असले गेम खेळणारा, बैलाबद्दल इरफानकडून ऐकलेला. त्यानं उत्साहानं विचारलं, “कसा काय पाडला तुम्ही त्यो बैल?”

आणि मी सांगायला लागलो. लवंग्याला पुढं काढला, म्हणालो, आगीचा डाव टाकला, बैल उठायला बघतोय तोवर परत आग, तिथंच गार झाला गडी. हातवारे करून सांगितलं. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मातीवर आग लागत नाही. इरफाननं गेम तसाच केला होता; त्या बैलावर लवंग्याचा कुठलाच डाव चालत नाही. हे इरफानइतकं कुणालाच माहीत नाही.

इरफान माझ्याकडं बघत होता. मग मेहुण्याकडं वळून म्हणाला, “व्हय. तसाच पडतोय त्यो.”

आणि त्यानं माझ्यापुढं चहा सरकवला. मी तो प्यायलो.