सत्तर अक्षरांत मावलेले आजोबा

बाळांनो, शब्दांच्या बाबतीत आमच्या लॉन्ड्रीवाल्यांइतका कंजूष माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. शुक्रवार पेठेत आपल्या घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे. पैशाला ते सैल आहेत, तुटलेलं बटण फुकट लावून देतात. पण बोलताना एक शब्द जास्त गेला तर चेहरा पडतो. ही सवय त्यांना मेसेजमुळे लागली. धुतलेले कपडे लोक महिनोन्‌महिने नेत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम मेसेज पाठवायची सोय विकत घेतली. त्यात मेख अशी, की मराठीत सत्तर अक्षरांपर्यंत एक मेसेज धरतात. एकाहत्तरावं अक्षर आलं की दोनाचे पैसे, आणि तेही प्रत्येक गिऱ्हाइकामागे. मी म्हटलं, "अहो, सुरुवातीला 'नमस्कार' तरी घाला." तर म्हणाले, "नमस्कार काढला काकू. दुकानात आल्यावर समक्ष करतो की!" व्हॉट्सअ‍ॅप का नको, असं विचारलं तर उत्तर तयार, "फुकटचं कोण वाचत न्हाय."

शिवाय हा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, मग त्यातली रिकामी जागा तेवढी बदलता येते. इतर दुकानदार पाच-सहा मजकूर मंजूर करून ठेवतात. यांनी एकच केला: "आपले अमुक धुऊन तयार आहेत. घेऊन जावे." दिवाळी असो, दुकानाला सुट्टी असो, सगळं त्या 'अमुक'मध्ये कोंबायचं. पाडव्याला मला मेसेज आला, "आपले पाडव्याच्या शुभेच्छा धुऊन तयार आहेत. घेऊन जावे." मी खरंच खाली गेले. त्यांनी हातावर पेढा ठेवला.

आता जे सांगते ते घाबरून वाचू नका, सगळं ठीक आहे. आजोबांचं विसरणं वाढलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या मे महिन्यात भर दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि दार उघडून ते निघून गेले. गल्ली पाहिली, देऊळ पाहिलं, कुठेच नाहीत. धावत मी लॉन्ड्रीत गेले. पोलिसांना फोन लावतानाच लॉन्ड्रीवाल्यांनी विचारलं, "अंगावर काय हाय?" माणसं त्यांना कपड्यांवरूनच आठवतात. "निळा स्वेटर," मी म्हटलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वेटर! "मग सापडतील," ते म्हणाले आणि मोबाईल घेऊन बसले. मिनिटभरात माझाही फोन वाजला: "आपले निळा स्वेटर घातलेले आजोबा धुऊन तयार आहेत. घेऊन जावे."

"अहो, हे काय लिहिलंत? कुणाला काय कळणार?"

"कळणार न्हाईच. म्हणून तर इचारायला फोन करतील. मग सांगतो की सगळं."

आणि फोन सुरू झाले. एक बाई रागावल्या, "माझ्या साड्या कुठायत? आजोबा कशाला पाठवताय?" एकाने विचारलं, "इस्त्री केलीय का नुसते धुतलेत?" लॉन्ड्रीवाले प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "शोधा की जरा, आपल्या काकूंचे हायत." माझे डोळे रस्त्यावर. एवढ्यात एसटीच्या एका कंडक्टरचा फोन आला. त्याचा खाकी गणवेश इथेच धुवायला असतो.

"ओ मालक, तुमचे धुतलेले आजोबा माझ्या गाडीत बसलेत बघा. वैरागचं तिकीट मागतायत. शाळेला उशीर झालाय म्हणे."

वैराग म्हणजे आजोबांचं लहानपण. "गाडी सोडू नका, आलोच," म्हणत लॉन्ड्रीवाले स्कूटरवरून सुटले. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. स्कूटर परत आली तेव्हा मी आधी आजोबांचे पाय पाहिले. दोन्ही पायांत चपला होत्या. आजोबा ऐटीत उतरून म्हणाले, "या गृहस्थांनी सोडलं मला. यांना चहा दे."

मेसेजचे पैसे मी देऊ केले. "कशाचे पैसे? त्या मेसेजनं आठ जण पडून असलेले कपडे घेऊन गेले की!"

आता दाराला वरची कडी आहे. संध्याकाळी मी आजोबांना लॉन्ड्रीतल्या खुर्चीत बसवते. आजोबा रोज नव्याने त्यांना विचारतात, "आपलं गाव कोणतं?" मग लॉन्ड्रीवाले इस्त्री बाजूला ठेवतात आणि आपल्या गावाची, मैंदर्गीची, सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतात: घरची मेंढरं, वडिलांचा राग, कन्नडमध्ये शिव्या देणारी आजी. मी गॅलरीतून ऐकते. काल निघताना आजोबा त्यांना म्हणाले, "बरं वाटलं ओळख होऊन. पुन्हा भेटू."

"भेटू की साहेब," ते म्हणाले. "मी हितंच हाय."